थ्री नाही, ट्री! कामापुरत्या इंग्रजीची गोष्ट

लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांनाही नमस्कार. हा आजच्या भागाचा मजकूर.

मला भेटणारी बरीच नवी पोरं-पोरी एकच गोष्ट सांगतात. "काम येतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. माझं इंग्रजी तेवढं भारी नाही." कोणी मराठी माध्यमातून आलेलं असतं, कोणी लातूरहून, कोणी चंद्रपूरहून. टीममध्ये एक चेन्नईची, एक कोलकात्याचा, क्लायंट जर्मनीतला. मग बोलायचं इंग्रजीतच. आणि जो फाडफाड बोलतो, तोच हुशार ठरतो.

पण सगळ्यांची मिळून एक भाषा असते तेव्हा 'चांगलं इंग्रजी' म्हणजे नक्की काय? याचं उत्तर मला ऑफिसात नाही, विमानाच्या कॉकपिटमध्ये सापडलं. कारण तिथे बोलण्यातला गोंधळ जिवावर बेततो.

12 नोव्हेंबर 1996. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक दिल्लीहून निघालेलं सौदी एअरलाइनचं, दुसरं दिल्लीला येणारं कझाकस्तानचं. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यात त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हेही एक होतं. सूचना कानावर पडली, पण तिचा अर्थ नीट पोचला नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे इंग्रजी सुधारायलाच हवं ना? हो, पण अजून एक उदाहरण बघा.

25 जानेवारी 1990, न्यूयॉर्क. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे बराच वेळ घिरट्या घालत होतं, इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं. पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द वापरला नाही. जमिनीवरच्या माणसांना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलंच नाही. विमान कोसळलं, 73 जण मेले. इथे इंग्रजी बोलता येत होतं. चुकला तो एक शब्द. आपल्या ऑफिसात प्रत्येक ईमेलवर 'अर्जंट' लिहिलेलं असतं, ते आठवलं का?

असा गोंधळ टाळायला विमानवाल्यांनी काय केलं आहे, ते मला फार आवडतं. 'सगळ्यांनी लंडनसारखं बोला' असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी भाषाच लहान केली. ठरलेले शब्द, ठरलेला अर्थ. आकड्यांचे उच्चारसुद्धा ठरवले. रेडिओवर थ्री म्हणायचं नाही, 'ट्री' म्हणायचं. नाइन नाही, 'नायनर'. खरखरीतही स्पष्ट ऐकू यावं म्हणून. आणि हा नियम इंग्लंड-अमेरिकेच्या वैमानिकालाही लागू. म्हणजे ज्याची ती मातृभाषा आहे, त्यालाही जिभेला वळण द्यावं लागतं.

2003 साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेचे नियम कडक केले. सहा पातळ्या आहेत, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी लागते. या चौथ्या पातळीत तुमच्या मातृभाषेची छाप उच्चारावर चालते. समोरच्याला कळण्यात फार अडथळा आला नाही म्हणजे झालं. मग आपण मराठी वळणाच्या इंग्रजीला का लाजायचं?

आता हे ऑफिसात कसं वापरायचं?

पहिली गोष्ट, परत म्हणून दाखवा. कंट्रोलरने उंची सांगितली की वैमानिक नुसतं 'ओके' म्हणत नाही. तो आकडा परत म्हणतो, कंट्रोलर ऐकतो, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो. तुम्हीही म्हणा, "म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फक्त पहिल्या दोन स्क्रीन द्यायच्या, बरोबर?" यासाठी भारी इंग्रजी लागत नाही. आणि मीटिंगमध्ये तोंड उघडायला याच्याइतकं सोपं वाक्य दुसरं नाही.

दुसरी, घसरडे शब्द ओळखा. 4/5 म्हणजे आपल्याकडे 4 मे, अमेरिकेत 5 एप्रिल. म्हणून महिना अक्षरात लिहा. आपण 'रिव्हर्ट करा' म्हणतो ते 'उत्तर द्या' या अर्थाने, पण बाहेरच्या माणसाला ते 'पूर्वीसारखं करा' असं वाटू शकतं. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्याला फक्त प्रश्न असतो, समोरच्याला वाटतं याचा विश्वासच नाही. आणि हे फक्त आपलंच नाही हं. एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच!

तिसरी गोष्ट ज्यांचं इंग्रजी फर्डं आहे त्यांच्यासाठी. तुमच्यावर जबाबदारी जास्त आहे. सावकाश बोला, म्हणी-वाक्प्रचार कमी करा, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडू नका. समोरच्याला कळलं नाही, तर आपण नीट बोललो का, हे आधी तपासा.

मग मराठीचं काय? विमानवाल्यांचा नियम इथेही कामाचा आहे. रेडिओवर स्थानिक भाषा चालते, पण गरज असेल तिथे इंग्रजीची सोय ठेवावीच लागते. त्यातही एक अडचण असते. कंट्रोलर आणि एक वैमानिक त्यांच्या भाषेत बोलले, तर त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या तिसऱ्याला आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही. आपल्याकडेही सगळे मराठी असतील तर खुशाल मराठीत मीटिंग घ्या, काम लवकर होतं. पण चेन्नईची मैत्रीण बसलेली असेल, तर निर्णय तिला कळेल अशा भाषेत सांगा. आणि चौघं हिंदीत किंवा तमिळमध्ये सुरू झाले, की तुम्हीही हक्काने म्हणा, "एकदा इंग्रजीत सांगता का?" त्यात कमीपणा नाही.

सगळ्यांची मिळून असलेली भाषा ही कोणाची हुशारी मोजायची पट्टी नाही. ती एसटी स्टँडसारखी आहे. कोणी कुठूनही यावं, आपली गाडी पकडावी आणि पुढे जावं.

तर या आठवड्यात एवढंच करा. पुढच्या मीटिंगमध्ये एक सूचना परत म्हणून दाखवा, तुमच्या उच्चारात, तुमच्या वेगाने. आणि कोणी नवीन पोरगं अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्या. भेटू पुढच्या भागात!