रोजचे दहा डॉक्टर

मिरजेत संध्याकाळी सहानंतर दवाखान्यांच्या जिन्यांवर दोन प्रकारची माणसं बसलेली असतात. एक, हातात फाइल आणि एक्स-रेचं पाकीट धरलेली. जत, अथणी, कागवाडकडून सकाळीच निघालेली. दुसरी, इस्त्रीचा फुल शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि खांद्याला काळी जड बॅग असलेली. पहिल्यांना नंबर असतो. दुसऱ्यांना नसतो. कंपाउंडरनं मान हलवली की दोन रुग्णांच्या मधल्या फटीत आत शिरायचं, दोन मिनिटांत सांगायचं ते सांगायचं आणि बाहेर यायचं.

अशाच एका जिन्याखालच्या मेडिकलमध्ये जतकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि विचारलं, ‘‘ह्या गोळ्या माज्या दुखण्याच्या हाईत, का मगाशी आत गेलेल्या त्या बॅगवाल्याच्या?’’ दुकानदार हसला. बॅगवाला शेजारीच उभा होता, तो हसला नाही. हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला आणि त्याच बॅगवाल्याच्या मागोमाग फिरून लिहिला गेला.

त्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव इथे देता येत नाही, कारण त्याची नोकरी जाईल. तो केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला, शिक्षकाची जागा मिळाली नाही आणि मग एमआर झाला, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. बॅगेची चेन उघडली की बी-कॉम्प्लेक्सचा तो उग्र, खमंग, थोडासा कुबट वास बाहेर येतो. सॅम्पलच्या पट्ट्या, टॅब्लेट, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची कार्डं, प्रिस्क्रिप्शन पॅड, सगळ्यांना तोच वास. त्याच्या शर्टालाही तोच. मिरजेहून सांगलीला गाडीवर मागे बसून जाताना वाऱ्यातही तो येत राहतो.

सकाळी स्टॉकिस्ट, दुपारी मोठी हॉस्पिटलं, संध्याकाळी ओपीडी, रात्री ॲपवर रिपोर्टिंग, असा दिवस. ‘‘रोजचे दहा डॉक्टर,’’ तो म्हणतो. दहा झाले नाहीत तर रात्री एरिया मॅनेजरचा फोन. मोबाइलचं लोकेशन दवाखान्यापाशी दिसलं पाहिजे, त्यामुळे घरी बसून दहा लिहिता येत नाहीत. पोरगं तापानं फणफणलेलं असलं तरी रोजचे दहा डॉक्टर.

मिरज हे या कामाला सोयीचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की मिरज, हा लौकिक दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात आजही टिकून आहे. विश्वासावर उभं राहिलेलं गाव आहे हे. इथे चिठ्ठीवर लिहिलेलं औषध दोन राज्यांतल्या घरांत पोहोचतं.

केबिनमधली ती दोन मिनिटं अशी असतात. ‘‘नमस्कार सर.’’ टॅब्लेटवर चार स्लाइड भराभर सरकतात. औषध पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोनचं, पित्ताचं. सर मागच्या रुग्णाचा रिपोर्ट वाचत असतात. त्यांची नजर टॅब्लेटवर एकदाच पडते, तीही पुसटशी. ‘‘सॅम्पल आहेत?’’ आहेत. पट्ट्या टेबलावर ठेवल्या जातात. ‘‘सर, या महिन्यात थोडं लक्ष असू द्या.’’ सर मान डोलावतात. कॉल संपला.

या दोन मिनिटांत औषधाबद्दल नवीन काही सांगितलं जात नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतंच. पॅन्टोप्राझोल तेच, मिलिग्रॅम तेच, आणि ते विकणाऱ्या कंपन्यांची ही गर्दी. १९७०च्या पेटंट कायद्यानं भारतीय कंपन्यांना वेगळ्या प्रक्रियेनं तीच औषधं बनवण्याची मुभा दिली. त्यामुळे औषधं स्वस्त झाली, आणि हे देशाचं मोठं यश आहे. पण एकाच रसायनाला ढिगानं ब्रँडनावंही मिळाली. १९७५ मध्ये हाथी समितीनं ब्रँडनावं टप्प्याटप्प्यानं काढून मूळ नावानं औषधं विकावीत, असं सुचवलं होतं. तसं झालं नाही. गोळी सारखीच असेल तर फरक गोळीबाहेर तयार करावा लागतो, आणि तो तयार करण्यासाठी रोजचे दहा डॉक्टर लागतात.

फरक कशाकशानं तयार होतो, याची एक यादी सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालात आहे. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठानं अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीचा दावा फेटाळला. ‘झिंकोव्हिट’ या व्हिटॅमिनच्या प्रचारासाठी डॉक्टरांना दिलेल्या वस्तूंवर कंपनीनं ४ कोटी ७२ लाखांहून अधिक खर्च केला होता. त्यात सोन्याची नाणी होती, एलसीडी टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप होते, पाहुणचार आणि परिषदांची फी होती. हा व्यवसायाचा खर्च धरून आयकरात वजावट द्या, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयानं स्पष्ट केलं की डॉक्टरनं जे घेणं नियमानं निषिद्ध आहे, ते देणाऱ्यालाही करसवलत मिळणार नाही. फुकट दिसणारी भेट फुकट नसते, तिचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळला जातो, हेही न्यायालयानं नोंदवलं. म्हणजे जतच्या त्या बाईंनी काउंटरवर मोजलेल्या पैशांत कुणाच्या तरी फ्रिजचा वाटा असू शकतो.

त्याच वर्षी जुलैत आयकर खात्यानं ‘डोलो ६५०’ बनवणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीवर छापे घातले आणि सुमारे १००० कोटींच्या भेटवस्तूंचा आरोप झाला. हा आकडा एका गोळीचा नाही, असा खुलासा कंपनीनं केला, आणि तो नोंदवायलाच हवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघालं ते एमआर लोकांच्याच संघटनेच्या, ‘एफएमआरएआय’च्या याचिकेत. करोनात आपल्यालाही हीच गोळी लिहून दिली होती, असं न्या. धनंजय चंद्रचूड तेव्हा म्हणाले. या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की बॅग उचलणारी माणसंच न्यायालयात गेली आहेत. आम्हाला हे करायला लावू नका, आमच्या कंपन्यांवर कायद्याचं बंधन घाला, असं ती म्हणत आहेत.

या कामातलं जे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, ते मात्र केबिनमधलं नाही. ते मेडिकलच्या काउंटरवरचं आहे.

रात्री साडेनऊला गर्दी ओसरते. एमआर काउंटरच्या कडेला जाऊन उभा राहतो, आधी दुकानदाराच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतो आणि मग हळूच वही काढतो. याला आरसीपीए म्हणतात. कोणत्या डॉक्टरनं कोणता ब्रँड किती लिहिला, याची दुकानातून काढलेली माहिती. ‘‘वरच्या सरांचं काय?’’ दुकानदार बिलं चाळतो. आपली तीन, समोरच्या कंपनीची नऊ. वहीत तीन आणि नऊ लिहिलं जातं. तासाभरापूर्वी ज्या डॉक्टरनं ‘‘हो, लक्ष आहे’’ म्हणून मान डोलावली, त्याची मान किती खरी होती ते इथे कळतं. महिन्याच्या क्लोजिंगला या आकड्यांवरून डॉक्टरांची प्रतवारी होते. कोण कोअर, कोणाकडून ‘बिझनेस’ येत नाही, कोणावर पुढच्या तिमाहीत ‘इन्व्हेस्टमेंट’ करायची.

म्हाताऱ्या बाईंची चिठ्ठीही त्या नऊमध्ये होती. तिच्यावर त्यांचं नाव आहे, वय आहे, कुठे दुखतं ते आहे. आपली चिठ्ठी कुणाच्या तरी वहीत डॉक्टरच्या नावापुढची रेघ झाली, हे त्यांना कधीच कळणार नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. इतका नेमका प्रश्न शिकलेले रुग्णही विचारत नाहीत.

डॉक्टर सगळे असे नाहीत, आणि हे उपचारापुरतं लिहिलेलं वाक्य नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका रुग्णाला एमआरआयला पाठवलं, तर केंद्रानं त्यांना १२०० रुपयांचा चेक पाठवला. रुग्ण पाठवल्याबद्दल. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. हे २०१३ सालचं. १२०० रुपये म्हणजे फार मोठी रक्कम नाही. पण असे चेक किती जणांनी निमूट वटवले असतील, याचा विचार केला की रक्कम लहान राहत नाही. लासलगावात अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांना बोलतं केलं. त्यातून आलेलं ‘कैफियत’ हे पुस्तक मराठी वाचकांनी वाचायलाच हवं. आतल्या माणसांनी, आपल्याच धंद्यातल्या लोकांचा रोष पत्करून, बोलण्याचं धैर्य दाखवलं आहे.

एका पेनानं, एका जेवणानं आम्ही विकले जातो का, असं अनेक डॉक्टर खऱ्या संतापानं विचारतात. या प्रश्नाला अमेरिकेतून उत्तर मिळालं आहे. तिथे २०१०च्या कायद्यानं कंपन्यांना डॉक्टरांवर केलेला खर्च जाहीर करावा लागतो, आणि २०१४ पासून ती माहिती कोणीही रुग्ण डॉक्टरचं नाव टाकून पाहू शकतो. त्या माहितीवरून २०१६ मध्ये पावणेतीन लाखांहून अधिक डॉक्टरांचा अभ्यास झाला. कंपनीचं एकच, सरासरी २० डॉलरच्या आतलं जेवण घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचा ब्रँड इतरांपेक्षा जास्त लिहीत होते. जेवणामुळेच तसं झालं, हे असा अभ्यास सिद्ध करत नाही. पण जेवणाचा संबंधच नाही, असंही आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २००९ मध्येच डॉक्टरांना भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला मनाई केली. कंपन्यांसाठी २०१५ पासून आचारसंहिता आहे, पण ती ऐच्छिक होती. मार्च २०२४ मध्ये नवी आली: भेटवस्तू नाहीत, सहली नाहीत, एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा जास्त सॅम्पल पाकिटं एका डॉक्टरला नाहीत. तिच्याखाली पहिलं मोठं प्रकरण गाजलं ते एका बहुराष्ट्रीय कंपनीचं. तिनं ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं होतं, खर्च १ कोटी ९१ लाख. शिक्षा? कंपनीला समज. हे प्रकरण तरी सरकारी समितीपुढे गेलं. एरवी तक्रारीची सुनावणी कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढे होते, मग याहून वेगळं काय होणार?

महाराष्ट्रानंही एक संधी घालवली आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या एका हृदयरोग रुग्णालयानं आपण डॉक्टरांना कमिशन देत नाही असा फलक लावला, डॉक्टरांची संघटना नाराज झाली, वाद पेटला. राज्य सरकारनं माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दलचं कमिशन, रोखण्याच्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायदा झाला नाही.

मूळ नावानं औषध लिहिणं सक्तीचं केलं तर सगळं सुटेल, असं सोपंही हे नाही. मग कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे मेडिकलवाला ठरवेल आणि बॅग डॉक्टरकडून काउंटरकडे वळेल. त्यासाठी आधी प्रत्येक गोळीच्या दर्जाची खात्री हवी, म्हणजे औषध निरीक्षक हवेत, प्रयोगशाळा हव्यात. डॉक्टरांची ही हरकत रास्त आहे. पण तिच्या आडोशाला सोन्याची नाणी लपवता येणार नाहीत.

या सगळ्यात एमआर सर्वांत दुबळा आहे, आणि शिव्या सर्वांत जास्त त्यालाच बसतात. रुग्ण म्हणतात, हा नंबर मोडतो. डॉक्टर म्हणतात, वेळ खातो. कंपनी म्हणते, दहा का झाले नाहीत? स्वतःच्या आईची रक्तदाबाची गोळी तो जनऔषधी केंद्रातून आणतो, हे त्यानं न विचारता सांगितलं, आणि पुढच्या दवाखान्याचा जिना चढला.

आचारसंहितेचा कायदा करा, मोडणाऱ्याला शिक्षा ठेवा आणि कोणत्या कंपनीनं कोणत्या डॉक्टरवर किती खर्च केला ते जाहीर करा, ही मागणी आता रुग्णांनी लावून धरायला हवी. एमआरनी ती आपल्या नोकऱ्या पणाला लावून केलीच आहे. तोवर निदान एवढं करा. चिठ्ठी हातात आली की खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टरांना विचारा: या औषधाचं मूळ नाव काय, ते मला कशासाठी दिलंय, आणि याच नावाची स्वस्त गोळी चालेल का? मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावं, हा कौन्सिलचा २०१६चाच नियम आहे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. जतच्या बाईंनी आपला प्रश्न मेडिकलवाल्याला विचारला. तुम्ही डॉक्टरांना विचारा.