एक नाकपुडी, चोवीस तास

उंदराला सर्दी द्यायची असेल तर विषाणू लागतोच असं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मॅथ्यू ग्रब यांच्या प्रयोगशाळेत ते काम एका इवल्याशा बुचानं होतं. टाक्याचा दोरा आणि बारीक नळी घेऊन बनवलेलं, जेमतेम काही मिलिमीटरचं. उंदराला अल्पशी भूल द्यायची, बुचाला व्हॅसलीन चोपडायचं आणि एका नाकपुडीत सरकवायचं. शुद्धीवर आलेला उंदीर उरलेल्या नाकपुडीवर दिवस काढतो. दोन्ही बाजू बंद करून चालत नाही, कारण तोंडानं श्वास घेणं त्याला जवळजवळ जमतच नाही.

चोवीस तासांनी खरं काम सुरू होतं. ते किचकट आणि वेळखाऊ आहे.

नाकाच्या छतामागे, मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला घ्राणकंद असतो. वासाचे संदेश मेंदूत पहिल्यांदा उतरतात ते इथे, गोल गोल गुच्छांमध्ये. त्या गुच्छांभोवती डोपामिन बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. नाकाकडून येणाऱ्या तंतूंच्या टोकांवर त्यांचं डोपामिन लगामासारखं काम करतं: वासाचा मारा वाढला की संदेश थोडा आवरून धरायचा.

हा कंद काढून त्याचे पापुद्र्यासारखे काप केले जातात. डोपामिन तयार करण्यातलं पहिलं विकर म्हणजे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. त्याला चिकटणारं प्रतिपिंड कापांवर सोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी उजळतात. मग मोजणी. कोणता काप कोणत्या उंदराचा, हे मोजणाऱ्याला कळू दिलं जात नाही. मनासारखं उत्तर दिसण्याची खोड डोळ्यांना असतेच.

या मोजणीत एक जुनी मेख आहे. 1983 मध्ये कॉर्नेलच्या हॅरिएट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नाकाकडून येणारा पुरवठा तुटला की घ्राणकंदातलं हे विकर झपाट्यानं घटतं. काप पाहणाऱ्याला वाटावं, पेशी मेल्या. पण डोपामिन बनवण्याच्या पुढच्या पायरीवर दुसरं एक विकर लागतं, आणि त्याचा शोध घेतला तर ते जागच्या जागी सापडलं. पेशी जिवंत होत्या, नुसतं काम थांबलं होतं. नाकातल्या वास टिपणाऱ्या पेशी पुन्हा उगवल्या की पहिलं विकरही परततं. म्हणजे काप काळा दिसला तर ती भट्टी विझल्याची खूण, कारखाना पडल्याची नव्हे. हा भेद ज्यानं सांभाळला नाही, त्याची मोजणी कितीही काटेकोर असली तरी फुकट.

ग्रब यांच्या गटानं त्याच्या पुढे जाऊन विचारलं: पूर्ण तोडमोड न करता, फक्त एका दिवसाचं चोंदलेलं नाक पुरतं का? एलिसा गालियानो आणि सहकाऱ्यांचं उत्तर 2021 मध्ये छापून आलं. घ्राणकंदातल्या बहुतेक डोपामिन पेशींना अक्षतंतू नसतो. मोजक्या, आकारानं मोठ्या पेशींना तो असतो, आणि त्या उंदराच्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. अक्षतंतूच्या मुळाशी एक छोटा पट्टा असतो. पेशीच्या विद्युत संदेशाची ठिणगी तिथे पडते. अँकिरिन-जी हे प्रथिन रंगवलं की हा पट्टा दिसतो आणि त्याची लांबी मोजता येते. चोवीस तासांत नेमका हाच पट्टा आखूड झाला होता आणि त्या पेशी पूर्वीइतक्या सहज पेटत नव्हत्या. अक्षतंतू नसलेल्या डोपामिन पेशींच्या उत्तेजनक्षमतेत काही फरक नाही. वासाचा संदेश पुढे नेणाऱ्या शेजारच्या मोठ्या पेशीही जशाच्या तशा.

लगाम धरणाऱ्यांपैकी एकाच गटानं हात सैल केला, असं त्याचं वाचन करता येतं. येणारा आवाज हळू झाला तर कान टवकारावेत, तसं. हे पटण्याजोगं आहे, पण उंदराच्या वर्तनात ते दिसेपर्यंत निव्वळ अनुमानच राहतं. शिवाय मेंदू कापल्यावर तोच उंदीर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येत नाही. बूच लावलेले आणि न लावलेले, असे वेगवेगळे प्राणीच शेजारी ठेवावे लागतात.

माणसांत हिशेब आणखी अवघडतो. पार्किन्सन झालेल्यांचं घ्राण अनेकदा हात थरथरायच्या कितीतरी आधी जातं. बंद नाकपुडीच्या तर्कानं त्यांच्या घ्राणकंदात टायरोसिन हायड्रॉक्सिलेज असलेल्या पेशी कमी दिसायला हव्यात. 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मृत रुग्णांचे कंद तपासले, तर त्या दुप्पट भरल्या. त्याच गटानं 2008 मध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगळे मोजले, तेव्हा ही वाढ फक्त स्त्रियांत निघाली.