हजेरी आठवड्याची की महिन्याची?

शांघायमध्ये १३ टक्के वाढ, चेन्नईत १८ टक्के घट. घरून काम केल्याने कामाचा उरक किती बदलतो, या प्रश्नाला दोन काटेकोर प्रयोगांनी दिलेली ही दोन उत्तरं. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या घरात पुण्यातल्या ऑफिससाठी लॅपटॉप उघडून बसलेल्याने यातलं कोणतं आपलं मानायचं?

शांघायचा प्रयोग सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमधला, २०१०-११ चा, नऊ महिने चाललेला. १३ पैकी ९ टक्के वाढ निव्वळ जास्त वेळ काम झाल्याने आली. ब्रेक कमी झाले, आजारपणाच्या सुट्ट्याही घटल्या. नोकरी सोडणारे निम्म्यावर आले आणि ऑफिसच्या जागेचा खर्च वाचला. कंपनी खूश. पण प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले, कारण घरी एकटं वाटत होतं. शिवाय निवड झाली ती घरी स्वतंत्र खोली, ब्रॉडबँड आणि कामाचा सहा महिन्यांचा अनुभव असलेल्यांचीच.

चेन्नईत डेटा एंट्रीसाठी घेतलेल्या नवख्यांमध्ये कोण घरी बसणार, कोण ऑफिसात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला पडला तो ऑफिसातली मुलं भराभर शिकत गेल्याने. आपल्याकडच्या घरांना हा आकडा जास्त जवळचा आहे. एचडी व्हिडिओ मीटिंग तासाला एक-दोन जीबी डेटा खाते. मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक दुपारपर्यंतही पुरत नाही. त्यात बाई घरून काम करत असेल तर घरच्यांच्या लेखी ती घरीच असते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८.

मधला मार्ग म्हणून हायब्रिडचं कौतुक होतं, आणि ते खोटं नाही. सीट्रिपच्याच १,६१२ कर्मचाऱ्यांवरच्या पुढच्या प्रयोगात आठवड्यातले दोन दिवस घरी दिले, तर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामात काही उणं आलं नाही. मात्र हे सुख पुण्यात राहणाऱ्याचं. देऊळघाट पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. बुलढाण्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर गाठा, नाहीतर रात्रभराची ट्रॅव्हल्स. आठवड्याला तीन दिवस ऑफिस म्हणजे पुण्यातली खोली सुटत नाही, भाडं वाचत नाही.

म्हणून टक्क्यांपेक्षा हजेरी कशी मोजतात याला महत्त्व. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं, २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील. २०२४ येईतो तिमाहीतली हजेरी ८५ टक्क्यांच्या खाली गेली की बदलत्या पगाराला कात्री, ६० च्या खाली गेली की तो शून्य. तिमाहीचे कामाचे दिवस साधारण ६५ धरले तर घरासाठी उरतात जेमतेम दहा. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून कनिष्ठ आणि मधल्या फळीसाठी महिन्याला किमान दहा दिवस ऑफिस ठरवलं. टीमने मान्य केलं आणि ते दहा दिवस सलग घेता आले, तर गावात राहणाऱ्याला हेच गणित झेपतं.

पहिली एक-दोन वर्षं ऑफिसातच काढा, चेन्नईचा आकडा तेच सांगतो. त्यानंतर नवी ऑफर आली की पगाराबरोबर एचआरला एवढं विचाराच: हजेरी आठवड्याची मोजता की महिन्याची, आणि ते लेखी देता का?