मशीनवर १५० दिसतंय, तरी सीताफळाच्या गराची पिशवी गळते. घोळ नेमका कुठं होतो?

सप्टेंबर उजाडला की बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम सुरू होतो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळं चवीचं कौतुक वेगळं सांगायला नको. अडचण एकच. फळ तोडलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं. म्हणून मग गर काढायचा, पिशवीत भरायचा, तोंड सील करायचं आणि उणे १८-२० अंशांना गोठवायचा.

आता तुम्ही म्हणाल, दुधासारखा तापवून का टिकवत नाहीत? तर हा गर तापवला की कडवट होतो आणि हवा लागली की तपकिरी पडतो. म्हणजे सगळी भिस्त थंडीवर आणि पिशवीच्या त्या बोटभर सीलवर.

हे सील बऱ्याच ठिकाणी बँड सीलरवर होतं. पिशवीचं तोंड दोन टेफ्लॉन पट्ट्यांच्या मधून सरकतं, बाजूचे तापलेले ठोकळे प्लास्टिकचा आतला थर वितळवतात, दाब बसतो आणि तो थर चिकटतो. ठोकळे किती तापवायचे हे ठरवतो टेम्परेचर कंट्रोलर, म्हणजे आकडे दिसणारा तो छोटा डबा.

पण डब्यावरचा आकडा म्हणजे सीलचं तापमान नव्हे. तो ठोकळ्यातल्या सेन्सरचा आकडा असतो, आणि तोही सेन्सर नीट जोडलेला असेल तर.

हा सेन्सर बहुतेक वेळा थर्मोकपल असतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की बारीकसा व्होल्टेज तयार होतो. झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये हा परिणाम शोधला. के टाइप थर्मोकपलमध्ये एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. कंट्रोलर तेवढ्यावरून तापमानाचा हिशोब लावतो.

इथंच पहिली चूक होते. सेन्सर के टाइप बसवला आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जे टाइप राहिला, तर डिस्प्लेवर १५० दिसताना ठोकळा १९० च्या आसपास गेलेला असतो. सील जळतं आणि दोष पिशवीवाल्याला जातो.

दुसरी चूक तारांची. अमेरिकी पद्धतीच्या के टाइप वायरमध्ये पिवळी तार प्लस आणि लाल मायनस असते. लाल म्हणजे प्लस अशी सवय लागलेला गडी हमखास उलटी जोडतो. मग ठोकळा तापेल तसा आकडा खाली जातो, आणि कंट्रोलर थंड आहे समजून हीटर चालूच ठेवतो.

जोडणी बरोबर आहे, मग आकडा खरा आहे का? ते बर्फ आणि उकळत्या पाण्यावर तपासता येतं. त्याआधी एक काम करायचंच, वीज बंद करून हीटरची वायर सोडवायची. नाहीतर सेन्सर बर्फात असताना कंट्रोलर ठोकळा जोरात तापवत बसेल. मग बारीक कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सेन्सरचं टोक त्यात धरायचं, आकडा शून्याजवळ यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट बघू नका. बीड शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे, तिथं पाणी ९८ च्या थोडं वर उकळतं. दोन्हीकडं फरक सारखाच, समजा ३ अंश जास्त दिसला, तर ऑफसेटमध्ये उणे ३ टाकायचे. एकीकडं बरोबर आणि दुसरीकडं चूक असेल तर ऑफसेटनं भागत नाही, सेन्सर बदलावा लागतो.

अर्थात ही घरगुती परीक्षा ९८ अंशांपर्यंतचीच. १५० वर आकडा किती खरा, याचा दाखला हवा असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं.

त्यानंतर सेटिंग. कंट्रोलरमध्ये ऑटो-ट्यून असेल तर ते एकदा करून घ्यायचं, म्हणजे आकडा सारखा वरखाली होत नाही. मशीन १०-१५ मिनिटं तापू द्यायचं, पट्ट्याचा वेग ठरवायचा आणि तो मध्येच बदलायचा नाही. वेग वाढवला की सीलला उष्णता कमी मिळते, आकडा मात्र तोच दिसतो. सुरुवात कमी तापमानावर करून ५-५ अंशांनी वर जायचं. सील ओढल्यावर सोलून निघालं तर ते कच्चं. सीलच्या बाजूचं प्लास्टिक फाटतं पण सील सुटत नाही, तिथं जमलं. तोंड आकसायला लागलं की समजायचं, पुढं गेलो. पिशवी बदलली की हे सगळं पुन्हा, कारण साधी पॉलिथिनची पिशवी लवकर वितळते, तर बाहेरून नायलॉन किंवा पॉलिस्टरचा थर असलेली जास्त उष्णता सोसते.

एवढं करूनही गळत असेल तर पिशवीचं तोंड बघा. तिथं गराचा पातळ लेप राहिला असेल तर कुठल्याच तापमानाला सील धरत नाही. भरताना तोंड कोरडं ठेवायचं, आणि गोठवण्याआधी दर तासाला एक पिशवी पाण्यात बुडवून दाबून बघायची. बुडबुडे आले की मागच्या तासाभराचा माल बाजूला काढायचा.