विजयांची यादी आणि वाटेचा खर्च

२०१७ च्या डिसेंबरात मुळशी तालुक्यातील भूगाव येथे अभिजित कटके यांनी किरण भगत यांना हरवून ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा मिळवली. अशा आखाड्यांभोवती एक वाद हटकून रंगतो. नामवंत मल्लांपैकी कोणाची वाट खरोखर खडतर होती आणि कोणाला सोपे प्रतिस्पर्धी लाभले?

मुष्टियुद्धाच्या जगातही हा वाद जुनाच आहे. रॉकी मार्सियानो ४९ व्यावसायिक लढती लढला आणि एकही हरला नाही. तथापि १९५१ मध्ये त्याने लोळवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता, त्याचे उमेदीचे दिवस सरले होते, हा आक्षेप सुटत नाही. आणि तो गैरही नाही. नुसत्या नफ्याच्या आकड्यावरून धंद्याची पारख करू नये, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतो. बाजारात स्पर्धा किती होती आणि भांडवल कोठून आले, हेही पाहावे लागते.

या कसोटीवर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्याकडे पाहावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम, दोन्ही नवे होते. १९५२ साली हेलसिंकीत ते वरच्या, ५७ किलो गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक मिळवले. ‘कांस्यच ना?’ असे म्हणणारे आजही भेटतात. पण त्यांना हरवणारे कोण होते? जपानचा इशी आणि सोव्हिएत रशियाचा मामेदबेकोव्ह. पैकी पहिल्याला सुवर्ण मिळाले, दुसऱ्याला रौप्य. इशीशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना मामेदबेकोव्हपुढे उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवायला एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. अशा पराभवांची किंमत काही सोप्या विजयांहून अधिक धरावी, असे माझे मत आहे.

निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा मात्र मी या हिशेबात धरत नाही. ‘अर्जुन’ पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला, ही शासनाला लाज आणणारी गोष्ट खरी; पण तिने हेलसिंकीतील कुस्ती अधिक कठीण ठरत नाही. करुणा आणि मूल्यमापन यांची गल्लत आपल्याकडे फार होते.

भांडवलाचे तसे नाही. ते लढतीपूर्वीच उभे करावे लागते. हेलसिंकीच्या प्रवासासाठी खाशाबांना लोकांपुढे हात पसरावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्यांचा हा विद्यार्थी परतला तो स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले.