कामगारांची मालकी : एका संक्षेपाचे दोन अर्थ

‘ईसॉप’ हा संक्षेप मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आता इतका रुळला आहे की, त्याचा विग्रह करून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी तो बनलेला आहे. कर्मचारी, समभाग आणि योजना या अर्थांचे तीन शब्द सर्वत्र तेच आहेत. ‘ओ’ या अक्षराच्या ठिकाणी मात्र अमेरिकेत ‘ओनरशिप’ म्हणजे मालकी अभिप्रेत असते, तर भारतात ‘ऑप्शन’ म्हणजे विकल्प. अक्षर एकच असल्याने हा भेद इंग्रजीत झाकला जातो. मराठीत ‘समभाग मालकी योजना’ व ‘समभाग विकल्प योजना’ असे म्हणताच तो उघडा पडतो. हा केवळ परिभाषेचा प्रश्न असता तर त्यात फारसे स्वारस्य नव्हते. परंतु या दोन नावांमागे दोन निरनिराळ्या संस्था उभ्या आहेत, आणि एकीचे गुण दुसरीस चिकटविल्यामुळे कामगारांच्या मालकीविषयीची बरीचशी चर्चा निष्फळ ठरते.

विकल्प म्हणजे भाग नव्हे. ठरलेल्या किमतीस, ठरलेल्या मुदतीनंतर भाग विकत घेण्याचा तो हक्क होय. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांनुसार विकल्प दिल्यापासून तो वापरण्याचा हक्क प्राप्त होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. तो वापरून प्रत्यक्ष भाग हाती येईपर्यंत कर्मचाऱ्यास लाभांशही नाही आणि मतही नाही. विकल्प दुसऱ्यास विकताही येत नाही. भाग घेतेवेळी बाजारभाव व ठरलेली किंमत यांतील फरक पगाराचे उत्पन्न समजून त्यावर सामान्यतः कर आकारला जातो. म्हणजे रोख रक्कम मिळण्यापूर्वीच कराचा प्रसंग येतो. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये अशी योजना आणली आणि तिच्यामुळे अनेक कर्मचाऱ्यांच्या घरी संपन्नता आली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि त्यामुळे ती कंपनी कामगारांच्या मालकीची झाली, असे कोणी म्हणत नाही. विकल्प हे गुणी माणसास टिकवून धरण्याचे साधन आहे, आणि त्या कामी ते उपयुक्तही आहे. मालकीचे हस्तांतर हा त्याचा हेतूच नव्हे.

मालकी योजनेचा उगम वेगळा आहे. लुई केल्सो या अमेरिकन वकिलाने १९५६ मध्ये पेनिन्सुला न्यूजपेपर्स या कॅलिफोर्नियातील वृत्तपत्र-कंपनीसाठी तिची पहिली रचना केली. निवृत्त होऊ पाहणाऱ्या मालकाकडून कंपनी कर्मचाऱ्यांनी घ्यावी, परंतु त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घालू नयेत, असा तो पेच होता. त्यासाठी एक न्यास स्थापावयाचा. न्यासाने कर्ज काढून मालकाचे भाग विकत घ्यावयाचे. कंपनीने दरवर्षी आपल्या उत्पन्नातून न्यासास रक्कम द्यावयाची. तिच्यातून कर्ज जसजसे फिटेल तसतसे भाग कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक खात्यांत जमा व्हावयाचे. कर्मचारी निवृत्त झाला म्हणजे त्याच्या खात्यावरील भागांची किंमत त्यास मिळावयाची. १९७४ च्या निवृत्तिवेतनविषयक कायद्याने अमेरिकेत या रचनेस रीतसर मान्यता मिळाली. येथे कामगार भाग विकत घेत नाही. तो काम करीत राहतो आणि कामाच्या ओघात मालक होतो.

मालक होणे म्हणजे नेमके काय होणे, हे पाहण्यास मात्र कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगावचा परिसर त्यासाठी पुरेसा आहे. पूर्वी खानापूर तालुक्यात मोडणाऱ्या आणि १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचा भाग असलेल्या या टापूत मालकीचे निदान तीन प्रकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि प्रत्येकाची भाषा निराळी आहे.

पहिला प्रकार वाट्याचा. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा वाटेकरी पिकात भागी असतो, जमिनीत नसतो. ‘वाटा’ आणि ‘मालकी’ हे शब्द शेतकरी कधीही एकमेकांच्या जागी वापरीत नाही. नफ्यातील हिस्सा म्हणून वार्षिक बक्षिसी देणाऱ्या आणि त्यास ‘भागीदारी’ म्हणविणाऱ्या व्यवस्थापकांपेक्षा त्याची परिभाषा अधिक काटेकोर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा प्रकार सभासदत्वाचा. वांगी येथील सोनहिरा सहकारी साखर कारखाना कोणाचा, असे विचारल्यास ‘सभासदांचा’ हेच उत्तर येते. हा सभासद म्हणजे ऊस पिकविणारा शेतकरी. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. संस्था सोडताना त्यास भागाची सामान्यतः दर्शनी किंमतच परत मिळते. कारखान्याची भरभराट त्याच्या भागाच्या किमतीत दिसत नाही, ती उसाच्या दरात दिसते. गव्हाणीपासून गोदामापर्यंत राबणारा कामगार, किंवा मुकादमामार्फत आलेला ऊसतोड मजूर, या मालकीच्या बाहेर राहतो. एखाद्या कामगाराचा स्वतःचा ऊस असेल तर तो सभासद होऊ शकतो; परंतु ते उसामुळे, कामामुळे नव्हे. महाराष्ट्रातील सहकाराची कीर्ती सांगताना ही बाब बहुधा गाळली जाते. श्रमाच्या नात्याने सभासदत्व देणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ जंगल कामगारांच्या व मजुरांच्या सहकारी संस्था, येथे झाल्या. पण कारखानदारीत त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही.

तिसरा प्रकार गलाई व्यवसायाचा. जुने दागिने गाळून व सराफांच्या दुकानांतील केरमातीतून सोने-चांदी शुद्ध करून काढण्याचा हा धंदा घेऊन खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागांतील माणसे भारतभर पसरली आहेत. गावाकडचा मुलगा नात्यातल्या माणसाच्या दुकानी कामास लागतो, भट्टी व कस यांचे ज्ञान मिळवितो, आणि हातात चार पैसे जमताच दुसऱ्या गावी आपले दुकान थाटतो. कामगार मालक होण्याची ही खरीखुरी वाट आहे. या पंचक्रोशीत ती अनेकांनी चोखाळली आहे. मात्र तिची अट अशी की, मालक होण्यासाठी पहिले दुकान सोडावे लागते. भट्टी आणि मुशी यांवर चालणाऱ्या धंद्यास ही अट झेपते. ओतकाम वा यंत्रनिर्मिती यांसारख्या, जेथे शंभर माणसांनी एकाच छपराखाली काम केल्यावाचून माल तयार होत नाही अशा धंद्यास ती झेपत नाही. कडेगावच्या दक्षिणेस असलेल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून असा कारखाना उभा आहे. तेथील कारागिराने कौशल्य कितीही मिळविले तरी कारखान्याचा एक तुकडा तोडून तो गावी नेता येत नाही. त्याने जागेवरच राहून मालक व्हावे, यासाठी न्यासाची योजना आहे.

पण न्यासाच्या योजनेची खरी परीक्षा मालकी मिळविताना होत नाही, ती टिकविताना होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कडेगावच्या परिसरात शंभर कामगारांची एक कंपनी आहे. तिचे मूल्य १० कोटी रुपये, आणि त्यांपैकी ६० टक्के भाग कामगारांच्या खात्यांत जमा झालेले आहेत. म्हणजे सरासरीने प्रत्येकाचे ६ लाख रुपये झाले. निवृत्त होणारा कामगार जुना असल्यामुळे त्याचे खाते सरासरीहून मोठे असणार. ते १२ लाखांचे धरू. वर्षास पाच माणसे निवृत्त झाली तर कंपनीस ६० लाख रुपये रोख मोजावे लागतील. वर्षाचा करोत्तर नफा १ कोटी असेल, तर नवी यंत्रे, खेळते भांडवल व मंदीच्या दिवसांची तरतूद या सर्वांसाठी ४० लाख उरतात. कंपनीची भरभराट होऊन भागाची किंमत दुप्पट झाली, तर परतफेडीचा बोजाही दुप्पट होतो. नफा त्याच गतीने वाढेलच असे नाही. एखाद्या वर्षी पाचांऐवजी बारा माणसे निवृत्त झाली, आणि आरंभी एकाच वयाची माणसे भरती करणाऱ्या कारखान्यात हे घडतेच, तर त्या एका वर्षात १ कोटी ४४ लाख रुपये लागतात.

कंपनीने ही रक्कम द्यावयाचे नाकारले तर निवृत्त माणूस गिऱ्हाईक शोधतो, आणि ते बाहेरचे असते. अशा रीतीने कोणाचाही वाईट हेतू नसताना एका पिढीत कंपनी पुन्हा परक्यांच्या हाती जाते. म्हणून अशा कंपनीस दरवर्षी दोन गोष्टी कराव्याच लागतात : तटस्थ मूल्यनिर्धारकाकडून भागाची किंमत ठरविणे, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत कोण केव्हा निवृत्त होणार याचा तक्ता समोर ठेवून परतफेडीचा निधी बाजूस काढणे. अमेरिकन कायदा वेळेपूर्वी नोकरी सोडणाऱ्याची परतफेड काही वर्षे लांबणीवर टाकण्याची मुभा देतो, ती याच कारणाने. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ पासून वाढलेल्या मोंद्रागोन येथील सहकारी संस्थांनी वेगळा मार्ग काढला. तेथे प्रत्येक कामगाराचे भांडवली खाते असते, परंतु मत भांडवलावर नसून माणशी एक असते, आणि सभासदत्व बाहेरच्यास विकता येत नाही. तरीही त्यांतील फागोर ही घरगुती उपकरणे बनविणारी मोठी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मालकी कोणाची, यावरून गिऱ्हाईक माल घेत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत बोधक उदाहरण मुंबईच्या कुर्ला भागातील कमानी ट्यूब्स या कारखान्याचे आहे. १९८५ मध्ये तो बंद पडला. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने तो स्वतः चालविण्याची तयारी दाखविली. औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने १९८८ मध्ये तशी योजना मंजूर केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तिची रचना मार्मिक होती. कारखाना कंपनीच राहिला. भागधारक झाली ती कामगारांची सहकारी संस्था. म्हणजे कंपनीत मत भागागणिक, आणि संस्थेत मत माणसागणिक. ‘भागधारक’ आणि ‘सभासद’ या दोन शब्दांचा मेळ येथे प्रत्यक्ष व्यवहारात घातला गेला. कारखाना पुन्हा सुरू झाला आणि आरंभीची वर्षे बरी गेली. पुढे १९९० नंतरच्या दशकात तो पुन्हा आजारी पडला. धातूंच्या धंद्यास खेळते भांडवल मोठे लागते. पूर्वीच्या मालकीत आजारी पडलेल्या कारखान्याची पत कामगार मालक झाल्याने आपोआप वाढत नाही. या अनुभवावरून कामगारांस कारखाना चालविता येत नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वाट्यास कारखाना आला तोच इतरांनी सोडून दिल्यानंतर. केल्सोची योजना चालत्या कंपनीसाठी होती, हा भेद येथे विसरता येत नाही.

अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सची हकीकत दुसऱ्या टोकाची आहे. १९९४ मध्ये वेतनकपातीच्या बदल्यात तेथील कर्मचाऱ्यांनी ५५ टक्के भाग मिळविले. विमानातील सेवकवर्ग मात्र त्या करारात सामील झाला नाही. २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा आश्रय घेतला. नोकरी आणि आयुष्याची पुंजी एकाच कंपनीत अडकली की दोन्ही एकाच दिवशी बुडू शकतात. भारतात भविष्यनिर्वाह निधी वेगळा ठेवलेला आहे ही इष्ट गोष्ट आहे, आणि भागांच्या मोबदल्यात त्यास हात लावू नये, एवढे पथ्य कोणत्याही मालकी योजनेने पाळावयास हवे.

भारतीय कायद्यात अशा योजनेस जागा कितपत आहे? नोंदणीकृत बाजारात भाग असलेल्या कंपन्यांच्या न्यासांवर सेबीच्या २०२१ च्या विनियमांनी दोन बंधने घातली आहेत. न्यासास बाजारातून खरेदी करून भरणा झालेल्या भांडवलाच्या ५ टक्क्यांहून अधिक भाग सामान्यतः धारण करता येत नाहीत. आणि न्यासाजवळील भागांवर विश्वस्तांस मतदान करता येत नाही. प्रवर्तकांनी न्यासाच्या आडून स्वतःची सत्ता बळकट करू नये, हा या बंधनामागील हेतू योग्यच आहे. परंतु त्याच नियमाने केल्सोच्या न्यासाचा प्राण, म्हणजे कामगारांचे एकवटलेले मत, हरपते. बाजारात नोंद नसलेल्या सार्वजनिक कंपनीसही कर्मचाऱ्यांच्या भागखरेदीस पैसा पुरविताना भरणा भांडवल व मुक्त निधी यांच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

खाजगी कंपनीची स्थिती मात्र बरीच मोकळी आहे, आणि कडेगावसारख्या ठिकाणी निघणारा कारखाना बहुधा याच प्रकारचा असतो. भागखरेदीस पैसा पुरविण्यावरील वरील निर्बंध कायद्याने सार्वजनिक कंपनीस उद्देशून घातला आहे. खाजगी कंपनीच्या भागधारकांची संख्या २०० पर्यंत मर्यादित असली तरी त्या गणनेत चालू कर्मचारी, तसेच नोकरीत असताना भागधारक झालेले माजी कर्मचारी, धरले जात नाहीत. भागांच्या हस्तांतरावर निर्बंध हे तर खाजगी कंपनीचे लक्षणच होय; तेव्हा निवृत्ताने आपले भाग प्रथम सहकाऱ्यांस किंवा न्यासास देऊ करावेत, असे कलम नियमावलीत घालण्यास अडचण नाही. कर्मचाऱ्यांस योजनेखाली दिलेले भाग कंपनीने परत विकत घेण्याची तरतूदही २०१३ च्या कायद्यात स्पष्टपणे आहे. वर्षात तिची कमाल मर्यादा भरणा भांडवल व मुक्त निधी यांच्या २५ टक्के आहे. आधी घेतलेल्या काल्पनिक कंपनीचे भांडवल व निधी मिळून ४ कोटी असतील, तर ती मर्यादा १ कोटी रुपये होते. पाच निवृत्तांच्या वर्षी ती पुरेशी ठरते. बारा निवृत्तांच्या वर्षी ४४ लाखांची तूट न्यासाने आधीच साठविलेल्या निधीतून भरून काढावी लागते.