लग्नमंडपातील संगीत आणि घरचा सूत्रधार

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावी आमच्या एका आप्ताच्या कन्येचा विवाह झाला. खर्चाचा खर्डा मांडताना डीजेच्या रकमेपाशी यजमानांची लेखणी थबकली व गाणी आपणच लावावी असे ठरले. व्यापाऱ्याचे घर, बचतीचा ठराव मंजूर होण्यास वेळ लागला नाही. हे काम वधूच्या धाकट्या मामांकडे आले.

कल्पना नवी नव्हे. चावीच्या ग्रामोफोनच्या काळीही मंडपाच्या कोपऱ्यात तबकड्या बदलणारा एखादा हौशी नातलग असे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांत संपे, म्हणून त्यास पंगत सोडून यंत्रापाशी बसावेच लागे. आज शेकडो गाणी मोबाइलमध्ये मावतात, आणि घात होतो तो येथेच. यंत्रापाशी कोणी बसत नाही.

आमच्या मामांचेही तसेच झाले. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, आणि सनईचा गजर व्हावयाचा त्या क्षणी कर्ण्यातून मोबाइलची घंटा खणखणली. गाडी कोठे उभी करावी, अशी एका वऱ्हाडी गृहस्थांची पृच्छा होती! वधूपिता त्या दिवशी पुन्हा हसले नाहीत.

तेव्हा ज्यांस हे करावयाचे असेल त्यांनी गाण्यांसाठी निराळा मोबाइल ठेवावा व त्यावर कोणाचाही फोन येणार नाही अशी तजवीज करावी. गाणी आधीच उतरवून घ्यावी. खेड्यात इंटरनेटच्या भरवशावर मुहूर्त सोडू नये. यादी आवडीच्या क्रमाने नव्हे, विधींच्या क्रमाने करावी, आणि ती भटजींस एकदा वाचून दाखवावी.

गाण्यांच्या परवान्याविषयी पुष्कळ सभासद विचारतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभांस सवलत आहे. या विषयीचे गोवा शासनाचे जानेवारी २०२४ चे परिपत्रक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द ठरविले. कायद्यातील सवलत मात्र कायम राहिली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांन्वये रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. क्वचित दिवशी शासन मुभा देते तेवढीच.

मामांचा कैवार घेण्यासाठी आदल्या संध्याकाळची हळद मात्र सांगितली पाहिजे. चित्रपटगीते जोरात चालू असता वधूची आजी जात्यावरच्या ओव्या पुटपुटू लागली. भाड्याचा माणूस असता, तर त्यास ते ऐकूही आले नसते. मामांनी कोणी न सांगता आवाज बंद केला. प्रथम एक काकू, मग दोघीतिघी, मग अंगणातील साऱ्या स्त्रिया आजीला साथ देऊ लागल्या. अर्ध्या ओव्या तरुण मुलींस ठाऊक नव्हत्या. त्या शेवटची ओळ पकडून म्हणत होत्या. त्या रात्री यंत्र पुन्हा लागलेच नाही.